चेन नसली तरी काम असतंच

शाफ्टवाली मोटरसायकल, म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक फिरवणारी, घेतलीस म्हणजे सुटलास, असं समजू नकोस रे. बीएमडब्ल्यूच्या आर १२०० जीएसच्या मागच्या चाकापाशी जो डबा आहे, त्यात बेव्हल गिअर, म्हणजे शाफ्टचं फिरणं काटकोनात वळवून चाकाला देणारे गिअर, असतात. त्यांना ७५डब्ल्यू-९० (हा जाडपणाचा आकडा), जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, तेही पाव लिटरच्या आत. गाडी फिरवून आण, ऑइल गरम असतानाच काढ. पण त्याआधी भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघ! मी एकदा उलटं केलं आणि रिकामा डबा घेऊन बसलो. बोल्टला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा थर चालतो; धातूच्या कपच्या दिसल्या तर सरळ मेकॅनिक गाठ. जास्त भरू नकोस, सील गळतं. शाफ्टच्या स्प्लाइनपर्यंत, म्हणजे टोकाच्या एकमेकांत बसणाऱ्या खाचांपर्यंत, हे ऑइल पोचत नाही. तिथे मॉलिब्डेनमची पेस्ट लाव, साधं ग्रीस नको.