पहिली कादंबरी दोन बायकांच्या प्रेमावर लिहिली तर करिअर तिथेच संपतं का?

पहिल्याच पुस्तकाने 'लेस्बियन लेखिका' असा शिक्का बसेल आणि पुढे कुणी दारात उभं करणार नाही, ही तुमची भीती मला चांगली ठाऊक आहे. मी गोव्यातल्या फोंड्याची, मराठी शिकवते, कथा लिहिते आणि माझं प्रेमही एका बाईवरच आहे. माझं सांगणं एवढंच, की सॅरा वॉटर्स वाचा.

वेल्समध्ये १९६६ साली जन्मलेल्या या बाईने पीएचडी केली तीच समलिंगी ऐतिहासिक कादंबऱ्यांवर. मग १९९८ साली 'टिपिंग द व्हेल्व्हेट' आली, तिची पहिलीच कादंबरी आणि तीही दोन बायकांच्या प्रेमावरची. तिची नायिका नान ही खाडीकाठी कालवं फोडणारी पोर. सुरीची चीर, हाताचा न जाणारा वास, हे गोव्यात वाढलेल्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही. 'फिंगरस्मिथ'मध्ये तीच हकीकत आधी एक मुलगी सांगते, मग दुसरी, आणि आपण ज्यावर विश्वास ठेवला तो पायाच सरकतो. मी त्या जागी पुस्तक मिटून पुन्हा पहिल्या पानावर गेले होते.

शिक्का तिने कधी पुसला नाही. तरी २००२, २००६ आणि २००९ अशी तीनदा ती बुकर या मोठ्या साहित्य पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. त्यातली २००९ची 'द लिटल स्ट्रेंजर' तर एक पुरुष डॉक्टर सांगतो. २०१४ साली ती पुन्हा दोन बायकांकडे वळली.

आपल्याकडे तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' हे नाटक लिहिलं, ते धाडसच होतं. पण त्याची नायिका मित्रा शेवटी जीव देते. वॉटर्सची नान जगते, 'फिंगरस्मिथ'मधली स्यू जगते. मला ते फार हवं होतं.

माझी एक मावशी आणि तिची मैत्रीण एकाच घरात तीस वर्षं राहिल्या. चवथीला गणपतीवरची फळांची माटोळी दोघी मिळून बांधायच्या. एक स्टुलावर, दुसरी खालून नारळ देणारी. मावशी गेली तेव्हा सुतक आम्हा भाचरांना लागलं, त्या मैत्रिणीला नाही. बारा दिवस ती सोप्यावर बसून होती आणि येणारा प्रत्येकजण तिला ओलांडून आत भेटायला जायचा.

ती बाई कुठल्याच मराठी पुस्तकात मला सापडलेली नाही. तुमच्या कादंबरीत अशी कुणी असेल तर आधी ती पूर्ण करा. प्रकाशक त्यानंतर शोधू, पहिला खर्डा मी वाचेन.