छातीत धडधड आणि अकरा वाजेपर्यंत नुसता चहा

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांची आहे. मुलगी सात महिन्यांची, अजून अंगावर पिते. माहेरी होते तोवर सगळं बरं होतं. सासरी आल्यापासून छातीत धडधडतं, हात थरथरतात, हृदयाचं काहीतरी झालंय असं वाटतं. दोनदा ईसीजी काढला, इकोही झाला, सगळं नॉर्मल. तरी रात्री तिला पाजताना मोबाइलवर लक्षणं शोधत बसते, मनगटावरच्या स्मार्टवॉचवर ठोके बघते. 'मला काही झालं तर हिचं कसं होणार', दुसरं काही सुचत नाही. सकाळी दोन कप चहा होतो, खाणं अकरा-साडेअकराला. मिस्टर म्हणतात, मनावर घेऊ नकोस. आहारात काय बदलू? अश्वगंधा घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : खाणं अकरा-साडेअकराला, हे तू जाता जाता लिहिलंयस आणि मी तिथेच अडकले. रात्री नऊला जेवत असशील तर चौदा तास पोटात काही नाही, मध्ये दोन-तीनदा पाजणं, वर रिकाम्या पोटी चहा. अगं, धडधडणार नाही तर काय! भुकेनं हात थरथरतात, चहानं ठोके वाढतात आणि घाबरल्यावरही नेमकं हेच होतं. आतून फरक कळत नाही, म्हणून तू दरवेळी हृदयावर आळ घेतेस.

माहेरी आईनं सकाळी सातला अळिवाची खीर हातात दिली असणार. डिंकाचे लाडू संपले की घरादाराचं लक्ष बाळाकडे जातं. बाळंतिणीचं कोण बघतंय? पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, पुढेही पाचशेच्या आसपास.

तेव्हा उशाशी एक डबा ठेव. फुटाणे, शेंगदाण्याचा लाडू, दोन खजूर, शेजारी पाण्याचा तांब्या. पहाटे पाजून झालं की चार घास तुझे. उठल्यावर तासाभरात न्याहारी, पण सासरी वेगळा घाट घालावा लागेल असलं काही नको : दुधात कुस्करलेली भाकरी, मुगाचं धिरडं, खात असशील तर अंडं. चहा त्यानंतर तासाभरानं आणि दिवसाला दोनच कप. जेवणाला लागून घेतलेला चहा लोह अंगी लागू देत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळलंस तर उलट मदत होते.

ईसीजी पुन्हा पुन्हा काढलास, पण हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासलंस का? पत्रात उल्लेख नाही. रक्त कमी असलं तरी धडधडतं. बाळंतपणानंतरच्या वर्षात काहींच्या थायरॉइडला सूज येते, तिच्यातही धडधड, थरथर, झोप उडणं हे सगळं असतं. या तपासण्या डॉक्टरांना विचारून एकदाच कर. बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या लोहाच्या गोळ्या मध्येच सोडल्या असशील (बहुतेक जणी सोडतात), तर तेही सांग. अश्वगंधा पाजत असताना आपल्या मनानं नको. ती थायरॉइडवरही परिणाम करू शकते. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडलीस तर मात्र तडक दाखव.

माझा मुलगा चार महिन्यांचा होता तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नाडी मोजायचे. एकदा ९६ भरली, घाबरून पुन्हा मोजली तर ११०! मोजण्यानंच ठोके चढत होते, हे कळायला मला दोन महिने लागले. तुझं घड्याळ तर रात्रभर उजळतं. ते कपाटात ठेव, मोबाइल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत. शोधायचंच असेल तर शंका वहीत लिही आणि संध्याकाळी पाचला पंधरा मिनिटं वाच. रात्री तीनला जे भयंकर वाटतं, त्यातलं निम्मं संध्याकाळी वाचावंसंही वाटत नाही.

मिस्टरांना म्हणावं, 'मनावर घेऊ नकोस'ऐवजी रात्री दहा ते दोन मुलीला घ्या. लागलंच तर काढून ठेवलेलं दूध पाजा. तुला सलग चार तास झोप मिळू दे.

बाळ झोपलं असतानाही डोळा लागत नसेल किंवा भीतीपायी कामं अडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. पाजत असतानाही चालणारी औषधं असतात. मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेलिमानस या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी घरच्यांना सांगून दवाखाना गाठ.

पुढच्या पत्रात हिमोग्लोबिनचा आकडा कळव. नाडीचा नको.