तेरवी होईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री दोनदा वाचला. आत्या जाऊन नऊ दिवस झाले, मागे तिची बारा वर्षांची पॉमेरेनियन कुत्री राहिली. शेवटच्या वर्षात आत्या सारखी म्हणायची, "माझ्यामागे हिचे हाल नकोत, हिला झोपवून टाका." आता चुलतभाऊ म्हणतात तीच शेवटची इच्छा, इंजेक्शन द्या. मामा म्हणतात काटोलकडच्या शेतावर सोडून देऊ. आणि तुम्ही नागपुरात मनीषनगरला भाड्याच्या घरात, पदरात तान्हं बाळ. आठ वर्षांपूर्वी आमच्या घरात हेच सगळं झालं आणि आम्ही चुकलो, म्हणून जरा लांबलचक लिहितो. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. लसी, जंत, खाणंपिणं तुम्हाला ठाऊकच असेल, त्यात शिरत नाही.

बाबा मे महिन्यात गेले. महाल भागातलं जुनं घर, पाहुण्यांनी भरलेलं. भुऱ्या म्हणजे आमचा गावठी कुत्रा, तेव्हा अकरा वर्षांचा. तो बाबांच्या खाटेखाली जाऊन बसला तो बाहेर येईना. चौथ्या दिवशी एका पाहुण्यावर गुरगुरला. दादा बंगलोरहून आलेला, त्याने आणि मी अंगणात उभ्या-उभ्या पाच मिनिटांत ठरवलं की याला काही दिवस एका प्राणी सांभाळणाऱ्या केंद्रात ठेवू, तेरवी झाली की बघू. केंद्राचं नाव घेत नाही. तिथे टेबलावर एक छापील कागद पुढे सरकवला, खाली पेन्सिलीने फुली मारलेली. मी फुलीवर सही केली. वर लिहिलं होतं की मालक या प्राण्यावरचे सर्व हक्क कायमचे सोडत आहे. मी ती ओळ वाचलीच नाही. ठेवून घेतल्याची पावती असेल असं समजून गाडीत बसलो.

पण सहीपेक्षा मोठी चूक आधीच झाली होती. आईला आम्ही विचारलं नव्हतं. "तिला आत्ता कशाला त्रास" असं एकमेकांना सांगून मोकळे झालो. संध्याकाळी तिनेच विचारलं, "भुऱ्या कुठी आहे?" सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घे बाळा म्हटल्याशिवाय तो तोंड नाही लावत. सांगितलं काय तिथं?"

आम्हाला हे माहीतच नव्हतं. भुऱ्या पिल्लू असतानापासून बाबांनी लावलेली सवय. स्टीलची ताटली खाली ठेवायची, बोटाने दोनदा वाजवायची आणि म्हणायचं, "घे बाळा." अकरा वर्षं रोज दोन वेळा, आणि दोन मुलांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं.

केंद्रात फोन केला. "अ‍ॅडजस्ट होऊन राहिला आहे, तुम्ही येऊ नका, घरचे भेटले की बिघडतात." दुसऱ्या दिवशी तेच. "घे बाळा" म्हणायचं सांगितलं तर पलीकडचा माणूस "हो हो" म्हणाला आणि फोन ठेवला. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा उत्तर आलं, "आता तो तुमचा नाही, सही आहे तुमची." तेरवीला आईने गाय, कावळा आणि कुत्रा यांचे घास काढले. कुत्र्याचं पान हातात घेऊन ती दारात उभी राहिली, खाली ठेवेना. बाबांच्या नावाने गल्लीतल्या कुत्र्याला घास, आणि बाबांचा कुत्रा तिकडे उपाशी. ते पान मी अजून विसरलेलो नाही.

अठराव्या दिवशी, पाच चकरा मारून आणि देणगीची पावती फाडून भुऱ्या परत मिळाला. बावीस किलोचा सोळा किलो झाला होता. घरी आणल्यावर आईने ताटली ठेवली, दोनदा वाजवली, "घे बाळा" म्हणाली. त्याने आधी बाबांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग खाल्लं. पुढे चौदा महिने जगला, आईच्या पायाशी.

म्हणून माझं पहिलं म्हणणं, आणि यावर मी ठाम आहे: वारस कोण, मोठा कोण, हे इथे बघायचंच नाही. त्या जिवाबरोबर रोजचा दिवस कोणी काढला, ते बघायचं. तुम्ही लिहिलंय की आत्याकडे स्वयंपाकाला एक बाई नऊ वर्षं येत होत्या. घरच्या बैठकीत त्यांना कोणी विचारलं का? पॉम कशाने घाबरते, कुठे झोपते, औषध कशात घालून देतात, हे त्यांनाच माहीत असणार. कदाचित तिला न्यायची त्यांची तयारीही असेल आणि त्या संकोचाने बोलत नसतील. तयारी दाखवली तर तिचा खर्च मात्र तुम्ही सगळ्यांनी वाटून उचला.

आता शेवटच्या इच्छेचं. आत्याने दोन गोष्टी सांगितल्या: हाल नकोत, आणि झोपवून टाका. पहिली तिची इच्छा होती. दुसरी तिची भीती होती, की आपल्यामागे हिला कोणी घेणार नाही. कोणी प्रेमाने घेतलं तर भीतीचं कारणच उरत नाही, आणि इच्छा पूर्ण होते. गेलेल्या माणसाच्या शब्दाला मान द्यावा हे मलाही पटतं, पण पाटल्या कोणाला द्यायच्या हे सांगणं वेगळं आणि खात्यापित्या जिवाला मारायला सांगणं वेगळं. कायदा प्राण्याला मालमत्ता धरतो, आपण धरायला हवं असं नाही. काहींना हे पटणार नाही, चालेल.

मात्र आधी तिला तपासून घ्या. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजमध्ये न्या. रक्त, किडनी, हृदय, दात बघायला सांगा. बदकासारखा कोरडा खोकला असेल तर तेही सांगा, लहान जातींमध्ये श्वासनलिका सैल पडते. पॉम चौदा-पंधरा वर्षं सहज जगतात, त्यामुळे बारा म्हणजे शेवट नाही. आजार बरा होण्यापलीकडचा आहे आणि तिला वेदना आहेत असं डॉक्टर म्हणाले, तर इंजेक्शन ही दयाच आहे. तेव्हा कोणीतरी घरचं तिच्याजवळ थांबा, दाराबाहेर नाही.

शेतावर सोडण्याचं तर नावच काढू नका. सोफ्यावर वाढलेली पॉम तिथल्या कुत्र्यांपुढे दोन रात्री टिकणार नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं गुन्हा आहे. दंड पहिल्यांदा दहा ते पन्नास रुपये, कित्येक दशकं हाच आकडा. ऐकून संताप येतो. मामांना कायदा सांगून उपयोग नाही, आत्याचा फोटो समोर ठेवून बोला.

आणि ताई, तुम्हाला जमत नसेल तर नाही जमत. बाळ लहान आहे, त्यात लाज नाही. सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना तशा आहेत, पण घरमालकाशी आधी बोलून घ्या. चांगलं घर शोधून देणं हेही पाळण्याइतकंच मोठं. ते घर स्वतः जाऊन बघा, पंधरा दिवस तात्पुरतं ठेवा, आणि जमलं नाही तर ती तुमच्याकडेच परत येईल असं लिहून घ्या. आत्याची एक न धुतलेली साडी तिच्या अंथरुणात घाला. तेरवीच्या सफाईत सगळं धुवून टाकतात, आम्हीही टाकलं होतं. उन्हाळा आहे म्हणून केस भादरू नका, ते केसच तिला उन्हापासून वाचवतात; कूलरच्या खोलीत ठेवा.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. घरात म्हाताऱ्या माणसाचा पिंजऱ्यातला पोपट असेल तर तेरवीला "मुक्त केला" म्हणून उडवू नका, तो मरेल. देशी पोपट वन्यजीव कायद्याखाली येतो, सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यप्राण्यांवर उपचार करणारं केंद्र, आहे, तिथे विचारा. दुसरं, मृत्युपत्रात प्राण्याला वारस करता येत नाही, पण सांभाळणाऱ्या माणसाचं नाव आणि त्यासाठी वेगळे पैसे लिहिता येतात. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा गेले तेव्हा त्यांच्या टिटो या कुत्र्यासाठी अशीच सोय केल्याच्या बातम्या आल्या होत्या. पण मृत्युपत्र उघडेपर्यंत दिवस जातात आणि कुत्र्याला त्याच संध्याकाळी भूक लागते. म्हणून फ्रिजवर एक कागद चिकटवा: काय खातो, कोणतं औषध, कोणत्या शब्दाला येतो. आईने स्वतःच्या मांजरीसाठी लावलाय, तिच्याच अक्षरात.

व्हेटर्नरी कॉलेजला जायला सोबत हवी असेल तर कळवा, रविवार सोडून सकाळी मी मोकळा असतो, गाडी आहे. पण त्याआधी, आजच, स्वयंपाकाच्या बाईंना फोन करा.