प्लॅन कॉम्प्युटरने केला, मग डॉक्टर काय करतात?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (वय ७२) प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. २० दिवस लाइट (रेडिएशन) द्यायचे ठरले आहे. सेंटरमधल्या एकाने सांगितले, “प्लॅन आता कॉम्प्युटरच करतो, पंधरा मिनिटांत.” तेव्हापासून सासरे घाबरलेत. म्हणतात, “माणसाने बघितलंच नाही तर?” त्यांना काय सांगू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, म्हणजे रेडिएशन नेमके कुठे आणि किती द्यायचे याचा प्लॅन आखणारी. २१ वर्षे हेच प्लॅन करत आले आहे. सासऱ्यांची शंका रास्त आहे.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. वर मूत्राशय, मागे अगदी खेटून गुदाशय. २० दिवसांच्या उपचारात प्रोस्टेटला साधारण ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजण्याचे एकक) डोस द्यायचा आणि या दोघांना होईल तितके वाचवायचे. पूर्वी एकेका प्लॅनसाठी मी दोन-दोन दिवस बसायची. गुदाशयाच्या डोसची मर्यादा घट्ट केली की प्रोस्टेटचा एखादा कोपरा उपाशी राहायचा. आकडे बदलून पुन्हा पहिल्यापासून. किचकट हिशेब तेव्हाही कॉम्प्युटरच करायचा, आकडे मी द्यायची. आता जुन्या, मंजूर झालेल्या प्लॅनवरून शिकून तो ते आकडेही सुचवतो.

टोरंटोच्या प्रिन्सेस मार्गारेट कॅन्सर सेंटरने प्रोस्टेटवरच याची परीक्षा घेतली. २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मशीनचा आणि माणसाचा प्लॅन शेजारी ठेवला, कोणता कोणाचा हे डॉक्टरांना सांगितले नाही. मशीनचे ८९ टक्के प्लॅन वापरण्याजोगे ठरले. प्लॅनच्या सगळ्या प्रक्रियेचा वेळ ११८ तासांवरून ४७ तासांवर आला. म्हणजे ती ‘पंधरा मिनिटे’ फक्त हिशेबाची. उरलेल्या तासांत माणसे असतात. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. जुन्या पेशंटांवर ताडून पाहताना डॉक्टरांनी ८३ टक्के वेळा मशीनचा प्लॅन निवडला होता. खऱ्या उपचाराची वेळ आली तेव्हा ६१ टक्के. समोर जिवंत माणूस आला की डॉक्टरांचा हात थांबतो, आणि तो थांबायलाच हवा.

सासऱ्यांच्या खुब्यात धातूचा सांधा बसवला असेल तर सीटीआधीच (प्लॅनसाठी काढतात त्या स्कॅनआधी) आवर्जून सांगा. नेहमीच्या पेशंटांवर शिकलेले मशीन अशा ठिकाणी चुकू शकते. डॉक्टरांना सरळ विचारा, “प्लॅन कोणी तपासला? फँटमवर मोजून पाहिला का?” फँटम म्हणजे डोस मोजण्यासाठी पेशंटच्या जागी ठेवतात तो नकली ठोकळा. असे विचारल्याचा आम्हाला राग येत नाही.

आणि एक काम त्यांच्याच हातात आहे. प्लॅन सीटीच्या दिवशीच्या पोटावर बेतलेला असतो. म्हणून रोज पोट साफ करून यायचे, लघवी करून मग, सांगितले असेल तेवढेच पाणी प्यायचे आणि सांगितला तेवढाच वेळ थांबायचे. एखाद्या दिवशी गॅस झाला, लघवी धरवली नाही, तर संकोच न करता टेबलावर झोपण्याआधी टेक्नॉलॉजिस्टना सांगायचे. ते थांबतील, पुन्हा पाणी प्यायला लावतील.