एक्स्प्रेस लेनचा टोल दर थोड्या वेळाने का बदलतो?

एक्स्प्रेस लेन म्हणजे महामार्गावरची, टोल भरून वापरायची वेगळी लेन. रस्ता तोच, मग टोल का बदलतो? कारण हा टोल मुख्यतः गर्दी आवरण्यासाठी असतो. गाड्या एका मर्यादेपलीकडे वाढल्या की वेग कोसळतो आणि लेनमधून तासाला जाणाऱ्या गाड्याही घटतात. म्हणून लेन भरू लागताच दर चढवतात.

अमेरिकेत एकापेक्षा जास्त प्रवासी असलेल्या गाड्यांसाठी राखलेली लेन टोल घेऊन इतरांना खुली केली, तर गर्दीच्या वेळी किमान ९० टक्के वेळ सरासरी ताशी ४५ मैल वेग राखावा लागतो (वेगमर्यादा ५० मैल किंवा जास्त असेल तिथे). दराची कमाल मर्यादा फार खाली ठेवली की हेच बिघडतं. पैसे भरलेला माणूसही अडकतो! बसला मात्र टोल नकोच, असं मला मनापासून वाटतं.