फळी धरून थांबलेला मुलगा

सप्रेम नमस्कार.

कराड तालुक्यातून आपण पाठवलेले पत्र मी दोनदा वाचले. आपला मुलगा एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला, सैन्यातील अधिकारी निवडणाऱ्या भोपाळच्या सेवा निवड मंडळात पाचही दिवस टिकला आणि अखेरीस निवड न होता परतला. आता त्याला पुन्हा बोलावणे आले आहे आणि गटचर्चेत व मैदानावरील सामूहिक कार्यांत ‘पुढे पुढे करण्याची’ युक्ती आपण विचारली आहे. लेखी परीक्षेचा निकाल लागताच चौकात ‘भावी लेफ्टनंट’ असा फ्लेक्स आपण लावला आणि तो टाळण्यासाठी मुलगा आता मागच्या वाटेने एसटी स्थानकावर जातो, हेही आपणच लिहिले आहे. तो फ्लेक्स आजच उतरवावा. रोज रात्री पाहुण्यांसमोर उभे करून त्याला वाद घालायला लावणेही थांबवावे. तीन पानांच्या पत्रात आजोबांची मराठा लाइट इन्फन्ट्रीतील नोकरी आहे, भावकीचे बोलणे आहे, आपली झोप उडाल्याचे वर्णन आहे. मुलाला काय हवे आहे, याबद्दल मात्र एक ओळही नाही. त्याच्या गुणांपेक्षा मला याचीच अधिक काळजी वाटते.

आपण रागाने लिहिले आहे की, प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कमध्ये सगळे पलीकडे जाईपर्यंत हा ‘मूर्खासारखा फळी धरून थांबला’. या कार्यात कोणालाही नेता नेमलेले नसते. फळी, बल्ली (लाकडी वासा) आणि दोर यांच्या साहाय्याने, लाल रंगाच्या भागाला माणसाचा किंवा सामानाचा स्पर्श होऊ न देता, सगळ्या गटाने ओझ्यासह अडथळे पार करायचे असतात. फळीचे टोक कोणी दाबून धरल्याखेरीज दुसऱ्याचे पाऊल पुढे पडत नाही. मंडळ नकाराचे कारण उमेदवाराला सांगत नाही. तेव्हा फळी धरल्यामुळेच तो नाकारला गेला, हा निष्कर्ष सर्वस्वी आपला आहे आणि अठरा वर्षांच्या मुलाच्या मनात आपण तो रोज रुजवीत आहात.

जो आधी आणि मोठ्याने बोलतो त्याचीच निवड होते, हा समज खोटा आहे. आठ-दहा जणांच्या गटातून किती जण घ्यायचे, हा आकडा ठरलेला नसतो; कधी अनेक जण पात्र ठरतात, तर कधी एकही नाही. त्यामुळे शेजारच्याला मागे सारून काहीही मिळत नाही. तपासल्या जाणाऱ्या 15 गुणांत पुढाकार आहे, तसेच सहकार्य आणि जबाबदारीची जाणीवही आहे. शिवाय मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारे अधिकारी आणि मैदानावरील जीटीओ (सामूहिक कार्ये घेणारे अधिकारी) असे तिघे जण अनुक्रमे त्याचे मन, वाचा आणि कर्म स्वतंत्रपणे पारखतात आणि शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्समध्ये तिघांची मते एकत्र येतात. मानसशास्त्रज्ञाच्या लेखी चाचण्यांत शांत आणि विचारी दिसणारा मुलगा मैदानावर उसना आरडाओरडा करू लागला, तर ती विसंगती लपत नाही. असा आरडाओरडा शिकवणारा आपण निवडलेला क्लास त्याचे नुकसानच करील.

त्याची खरी उणीव आपल्या पत्रातच आहे. ग्रुप प्लॅनिंगमध्ये, म्हणजे दिलेल्या संकटांवर गटाने मिळून योजना आखण्याच्या कार्यात, सुचलेला मार्ग त्याने शेजाऱ्याच्या कानात सांगितला आणि शेजाऱ्याने तो सर्वांसमोर मांडला. तेथे प्रत्येकाने आपला उपाय आधी लिहून काढलेला असतो, म्हणजे सांगण्यासारखे त्याच्याजवळ असतेच. त्याने सर्वांत निकडीच्या संकटापासून सुरुवात करावी आणि कोण, कशाने, किती वेळात पोहोचेल ते संपूर्ण गटाला सांगावे. मैदानावरही ‘मी फळी धरतो, तुम्ही दोघे या, मग मला दोर द्या’, एवढे वाक्य सर्वांना ऐकू जाईल असे म्हणावे. फळी त्याने खुशाल धरावी. सराव हवा असेल, तर या वर्षीच्या विसर्जन मिरवणुकीचे नियोजन त्याला मित्रांबरोबर करू द्या आणि आपण त्यात लक्ष घालू नका.

नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात महाराष्ट्रातील पात्र उमेदवारांना या मुलाखतीचे प्रशिक्षण निःशुल्क मिळते. तेथे चौकशी करावी. एनडीएचे वय उलटले, तरी पदवीनंतर सीडीएसचा (कम्बाइंड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षेचा) मार्ग आहे.

मात्र त्याला खरोखर सैन्यात जायचे आहे का, हे मला त्याच्याकडूनच कळायला हवे. पुढचे पत्र त्याने स्वतः लिहावे आणि ते आपल्याला न दाखवता टपालात टाकावे.