वाचक विचारतात : वृक्षोद्यानातल्या पाट्या आणि बिया

प्रश्न : विद्यापीठाच्या वृक्षोद्यानात झाडाच्या पाटीवर नावाबरोबर '१२४-९८*ए' असा आकडा होता. तो कशाचा?

उत्तर : नोंदवहीतला. हार्वर्ड विद्यापीठाच्या आर्नल्ड आर्बोरेटममध्येही (स्थापना १८७२) अशीच पद्धत आहे. १९९८ साली दाखल झालेली १२४ वी खेप आणि त्या खेपेतलं 'ए' हे झाड, असा त्याचा अर्थ. बी कुठून, कोणी, कधी आणलं ते यावरून सापडतं. चुकलेलं नाव पुढे दुरुस्त करता येतं. आकडा हरवला तर संशोधनाच्या दृष्टीने झाड जवळपास बेवारस होतं.

प्रश्न : आम्ही आवारातल्या झाडांना तारेने पाट्या बांधल्या. काही वर्षांनी तारेच्या वर खोड फुगलं, दोन झाडं वाळली. पाटीमुळे असं होतं का?

उत्तर : पाटीचा दोष नाही, तारेचा आहे. खोड दरवर्षी जाड होतं, तार तेवढीच राहते आणि सालीच्या आतल्या थरात रुतते. पानांत तयार झालेली साखर याच थरातून मुळांकडे उतरते. ती अडली की वर फुगवटा येतो, खाली मुळं उपाशी मरतात. पाणी मात्र आतल्या लाकडातून चढत राहतं, त्यामुळे पानं बराच काळ हिरवी दिसतात आणि दुखणं उशिरा कळतं.

स्टेनलेस स्टीलचे दोन लांब स्क्रू घ्या. स्क्रूचं डोकं आणि पाटी यांच्यामध्ये स्प्रिंग घाला आणि स्क्रू २-३ सेंमी बाहेर ठेवा. खोड वाढेल तशी स्प्रिंग दबते. दर दोन वर्षांनी स्क्रू थोडे सैल करा, नाहीतर साल पाटीच गिळते. स्क्रूची जखम एका बिंदूपुरती असते, झाड ती आतून बंद करून टाकतं. खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजतात, तेवढी जागा मोकळी सोडा. (झाडाबरोबर पाटी वर सरकत नाही, उंची शेंड्याकडे वाढते.) कोवळ्या, बारीक खोडाला स्क्रू नकोच, शेजारी खुंटीवर पाटी लावा.

रुतलेली तार ओढून काढू नका. उघडी दिसते तिथे कापा, आतले तुकडे राहू द्या.

प्रश्न : वृक्षोद्यानातल्या झाडाचं बी लावलं तर तेच झाड येईल?

उत्तर : खात्री नाही. एकाच प्रजातीगटातली, एरवी एकमेकांपासून दूर वाढणारी झाडं तिथे शेजारी असतात. ओक किंवा क्रॅबॲपल (लहान फळांचं रानसफरचंद) यांच्यात सहज संकर होतो. हुबेहूब तेच झाड हवं असेल तर फाटे कलम (फांदीचा तुकडा रोवणं) किंवा डोळा भरणं (त्या झाडाचा डोळा दुसऱ्या रोपावर बसवणं) असे मार्ग आहेत, आणि तेही परवानगी घेऊनच.